सोनकिडा

वटार, १३ फेब्रुवारी १९९४

कॅथरिन,

वर ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे. चौथीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवताना मीच तसं शिकवते. पण खोटं लिहून कागद कशाला विटाळू?

काल आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर चार बायकांच्या देखत तू माझ्याकडे बघून तोंड फिरवलंस. चांगलं केलंस. आता उघड बोलायला मी मोकळी झाले. बोळिंज इथून रिक्षाने वीस मिनिटं, पण तुमच्या बिल्डिंगचा जिना मी चढणार नाही, आणि माझ्या ओट्यावर तुझा पाय मला नको. म्हणून पोस्टाने लिहिते. व्हिन्सेंटलाही वाचून दाखव. माझा धाकटा भाऊ आहे तो, अजून तरी.

सोनकिडा परत कर.

कुठला सोनकिडा, असं भोळेपणाने विचारू नकोस. पणजीने मुंबईत एका मडमेचं पोर स्वतःच्या अंगावर पाजून वाढवलं आणि मडम विलायतेला निघाली तेव्हा तिने तो पणजीच्या लुगड्यावर आपल्या हाताने लावला, हे तू लग्न होऊन आल्यापासून शंभरदा ऐकलं आहेस. बोराएवढा सोन्याचा किडा. पंखांवर हिरवा-निळा मीना, डोळ्यांना लाल खडे, पोटाखाली टाचणी. मी आणि व्हिन्सेंट लहानपणी वाडीत खरे सोनकिडे पकडून काड्यापेटीत ठेवायचो आणि आईच्या किड्याशी ताडून बघायचो. आईचाच सरस ठरायचा. सणाच्या मिस्सेला ती तो छातीवर लावायची. फादरांचं प्रवचन लांबलं की पदराखाली हात नेऊन मान खाली घालायची. मी शाळेतल्या पोरींना सांगायचे, भक्ती असावी तर अशी. आणि या घरातून जी मुलगी नवरी होऊन निघेल, तिच्या पांढऱ्या झग्यावर देवळापर्यंत तो असायचाच. एरवी घरच्या आल्तारावर, मारियेच्या पुतळ्याच्या पायाशी, डबीत.

बुधवारी संध्याकाळी आई गेली. गुरुवारी सकाळी ती डबी तुझ्या हातात होती. भिंतीकडे तोंड करून तू काहीतरी करत होतीस. मी आत आले तशी दचकलीस. गुरुवारी आईला मातीत ठेवून आलो, तर डबी रिकामी. आता यात मी वेगळं काय समजायचं?

एक आठवड्याचा वेळ देते. नंतर मी कुणाकुणाशी बोलेन त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

आणखी एक. बुधवारची सगळी रात्र तू आईपाशी बसली होतीस. तिचे हातपाय गार पडले होते ना? सहज विचारते. तेवढं मात्र कळव.

हिल्डा


वटार, ३ नोव्हेंबर १९९४

कॅथरिन,

नऊ महिन्यांनी अडीच ओळी लिहिल्यास. ‘मी घेतला नाही. मारियेची शपथ. हातपाय गार होते, पण असं का विचारता?’ तुझ्या माहेरच्या, अर्नाळ्याच्या माणसांना शपथा फार स्वस्त असतात वाटतं. आमच्याकडे जपून घेतात.

काल मृतांच्या दिवशी तू आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावून गेलीस. त्या वाऱ्याने विझल्या. मी विझवल्या असं व्हिन्सेंटला सांगू नकोस.

तो परवा शाळेच्या फाटकाशी येऊन माझ्यावर ओरडला. नववीतली मुलं बघत होती. म्हणाला, वटारात लग्न असलं की बायका कॅथरिनला भाजी चिरायला बसवतात, पण दागिन्यांच्या खोलीत पाय टाकू देत नाहीत. आमच्या पोरीने, जेसिकाने कारण विचारलं तर तिला काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. तो थुंकून निघून गेला. माझा भाऊ, ज्याची पाटी मी पुसायचे. हे सगळं तुझ्यामुळे झालं.

आणि आईची रोझरी? तीही गेली. मी आईच्या बोटांत जी गुंफायला घेतली होती ती काढून तू दुसरी दिलीस, नवीकोरी, प्लॅस्टिकच्या मण्यांची. म्हणालीस, जुनी मला ठेवायला सांगितली आहे. काळ्या मण्यांची, पदकांच्या झुपक्यात एक पितळी किल्ली अडकवलेली. ती किल्ली कशाची हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. ‘स्वर्गाची,’ म्हणाली आणि हसली. सोनं नाही म्हणून रोझरीचं कुणी मनावर घेणार नाही, पण माझ्या लेखी तीही चोरीच.

सहा वर्षं आईचं सगळं मी केलं. अर्धं अंग गेल्यावर तिला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. रविवारी दोन तास यायचीस तू, हातात पाव आणि केळी घेऊन. आणि शेवटच्या महिन्यात तिने दार लावून घेतलं ते तुझ्याबरोबर. मी बाहेर ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. आतून तुमची कुजबूज आणि मधूनच हसणं. आईला हसताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. काय एवढं सांगत होती माझ्याबद्दल?

असो. मला एवढंच कळव, डॉक्टर आले तेव्हा तू खोलीत होतीस आणि मी फादरांना आणायला गेले होते. त्यांनी नाडी किती वेळ धरली होती? छातीला नळी लावली होती की नुसते डोळे बघितले? नीट आठवून लिही. आठवत नसेल तर नाही म्हणून लिही, पण काही रचून लिहू नकोस.

हिल्डा


वटार, २६ डिसेंबर १९९८

कॅथरिन,

काल नाताळाला जेसिका एकटीच आली. तुला विचारून आली की चोरून, मी विचारलं नाही. केवढी झाली! वीस वर्षांची पोर, हनुवटी थेट आईसारखी. तुझे वडे आणले होते. मी खाल्ले नाहीत. शेजारी देऊन टाकले, म्हणजे एक खाल्ला. मीठ जास्त होतं.

तिने मला विचारलं, ‘आत्या, माझी मम्मी चोर आहे का?’ असं सरळ, डोळ्यांत बघून. मी म्हटलं, केक घे. ती उठून गेली. केक तसाच राहिला.

गावात माझ्याबद्दल बोललं जातं तेही तिने तुला सांगितलं असेल. कुणी गेलं की हिल्डाबाय पर्समधून आरसा काढते आणि मेलेल्याच्या नाकाशी धरते म्हणून. जॉनबाबा गेले तेव्हा मी त्यांच्या छातीला कान लावून बसले, तर त्यांच्या मुलाने मला दंड धरून उठवलं. मुलं माझ्यामागे ‘आरसाबाई’ म्हणतात. म्हणू देत. माणसाने खात्री करून घ्यायला काय हरकत आहे? तुमच्यापैकी कुणी ती केली होती का?

डॉक्टरांबद्दल तू लिहिलं होतंस, ‘आठवत नाही, मी रडत होते.’ चार वर्षं ते वाक्य मी वाचते आहे. तुला तेव्हा रडायचीच घाई होती.

जेसिकाला पाठवत जा. तू येऊ नकोस.

हिल्डा


वटार, ९ मे २००३

कॅथरिन,

रविवारी देवळात वाचलं गेलं ते तुमच्यापर्यंत आलंच असेल. सिमितेरची मागची भिंत नव्याने बांधायची आहे, त्यासाठी शेवटची रांग उघडणार. अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यांत ठेवायच्या. घरच्यांनी हजर राहायचं. आपली तारीख वीस मे, सकाळी आठ. आईची कबर त्याच रांगेत आहे.

व्हिन्सेंटने फादरांना येतो म्हणून कळवलं. तू येऊ नकोस, त्यालाही येऊ देऊ नकोस. मी एकटी बघते. असं चार ओळींचं पत्र काल लिहिलं होतं. सकाळी फाडलं. कारण तू येणारच. तुला ओळखते मी. तेव्हा आधी माझ्याकडून ऐक. कबरी खणणारा सॅन्टन खड्ड्यातून हात वर करून दाखवेल त्याच्या आधी.

सोनकिडा आईबरोबर पुरलेला आहे. मी लावला. लुगड्याखाली, चोळीच्या आतल्या बाजूने, डावीकडे.

आता बस खाली आणि पुढचं वाच.

आई जायच्या आधीच्या डिसेंबरात त्या बंद दाराआडून मला एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं होतं. ‘हा आता तुझा, कॅथरिन.’ तो सुनेकडेच जायचा हे मलाही ठाऊक होतं. पणजीपासून तेच चालत आलं. मुलगी परक्या घरची, तिला फक्त लग्नाच्या दिवशी देवळापर्यंत. पण मी परक्या घरी गेले का? पन्नास वर्षांची झाले, तो किडा देवळापर्यंतसुद्धा माझ्या अंगावर आला नाही. एकदा मी आईला म्हटलं होतं, तुझ्या सणाला नाही तर माझ्या वाढदिवसाला तरी लावू दे. ती म्हणाली, तो नवरीचा असतो. सहा वर्षं तिची घाण काढली मी, कॅथरिन. म्हणून गुरुवारी तिला सजवताना, बायका बाहेर रोझरी म्हणत होत्या तेव्हा, डबी उघडली. मला तो घ्यायचा नव्हता. तुला मिळू द्यायचा नव्हता, बस. तुला चोर ठरवायचंही मनात नव्हतं. ते मागाहून सुचलं, आणि एकदा बोलून गेले की मागे फिरता येईना.

तुला वाटेल, हेच ते पाप. हे तर मी फादरांना कधीच सांगितलं. दुसरं मी त्यांनाही सांगितलेलं नाही.

पेटी बंद करण्याआधी सगळ्यांनी एकेक करून आईचा मुका घेतला. मी शेवटची. रोझरी संपली होती, कुणी बोलत नव्हतं. मी वाकले आणि माझा गाल तिच्या छातीवर टेकला. आत धडधड चालू होती.

भास म्हणू नकोस. मी कान दाबून ऐकलं. बारीक, भराभर, धावत आलेल्या पोराची चालते तशी. मी मोजलंसुद्धा. पंधरा, वीस, थांबतच नव्हती.

तोंड उघडलं असतं तर लोकांनी पेटीतून काढून तिची चोळी सोडली असती. आणि चोळीत सोनकिडा. हा एवढा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी उभी राहिले. सॅन्टनने झाकण ठेवलं. खिळे ठोकताना तू माझा हात धरलास, मी तो झटकला, आठवतं? तुला वाटलं, मी तुझ्यावर चिडले.

मी माझ्या आईला जिवंत पुरलं आहे. एका दागिन्यासाठी. नऊ वर्षं मला दुसरं काही माहीत नाही. तुझ्या मागे जी लागले ती का, हे माझं मलाच आता कळतं. तू चोर असतीस तर निदान घरात माझ्याहून वाईट कुणीतरी असतं.

आता वीस तारखेला पेटी उघडेल. ती सरळ निजलेली असेल की नाही? तिचे हात जिथे ठेवले होते तिथे असतील की झाकणाकडे गेले असतील? मला ते बघायचं नाही, आणि व्हिन्सेंटने बघितलेलं मला चालणार नाही. त्याला घरी ठेव. काहीही कारण सांग. तुला दूषणं देत हे लिहायचं ठरवलं होतं, पण हे मागणं आहे. तुझ्याकडे आयुष्यात पहिलं.

हे पत्र जाळ, नाहीतर देवळाच्या दारावर चिकटव. तुझी मर्जी.

हिल्डा


वटार, २ जून २००३

कॅथरिन,

तुझं उत्तर बारा मेला मिळालं. पोस्टाने नाही, जेसिकाच्या हाती. चिठ्ठीच. ‘हिल्डाबाय, सोनकिडा म्हणजे घड्याळ आहे. शेपटीचं टोक दाबलं की पंख उघडतात. गुरुवारी सकाळी मीच चावी दिली होती. तुम्ही ऐकलं ते घड्याळ.’ खाली सही नाही.

ती वाचून मी काय केलं ते तुला जेसिकाने सांगितलंच असेल. पोरीचा दंड एवढा घट्ट धरला की तिला वळ उठले. तिची माफी मागितली आहे. तुझी नाही.

कारण मला तुझा राग आला आहे. घड्याळ! नऊ वर्षं ते तुझ्या पोटात होतं आणि मी ज्या आईच्या शेजारी जन्म काढला तिने मला सांगितलं नाही. सुनेने सुनेला सांगायचं, पुरुषांना आणि मुलींना नाही, असा नियम म्हणे. जेसिका म्हणाली, रोझरीची ती किल्लीही त्याचीच. स्वर्गाची म्हणे! आणि ती पदराखाली हात नेऊन मान खाली घालायची, ती किती वाजले ते बघत होती! पोरींना काय काय शिकवलं मी. त्या दिवशी दाराआड तुम्ही हसत होतात, त्यात मी कुठेच नव्हते. तिच्या एका चालत्या हाताने तुला चावी फिरवायला शिकवत होती एवढंच. आणि ती गेल्यावर गुरुवारी सकाळी तू भिंतीकडे तोंड करून तीच फिरवत होतीस. का फिरवलीस, बाई? मालकीण गेलेली, ते चालू ठेवून कुणाला वेळ बघायची होती? जेसिका म्हणते, ‘थांबू देऊ नकोस’ असं आजीने तुला सांगितलं होतं. तुझा हा शहाणपणा माझ्या नऊ वर्षांवर पडला.

तू नियम मोडून मला एकदा सांगितलं असतंस तर? पण तुला कुठे ठाऊक होतं मी काय ऐकलं ते. आणि मला कुठे ठाऊक होतं ते काय आहे. हे समजतं मला. समजल्याने राग जात नाही.

वीस तारखेला तुम्ही दोघं आलात. मी पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभी होते. फावड्याचा आवाज, मग लाकडाचा, मग सॅन्टन म्हणाला, ‘बाय, हे काय चमकतंय?’ रांगेच्या पलीकडे सात-आठ बायका होत्या. ज्यांना मी सांगितलं होतं त्याच. वाटलं, आता ही बोलणार. हिचा हक्क आहे. तू चिखल पुसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, ‘आईकडेच होता.’ बस, एवढंच. हिल्डाने लावला, हिने आळ माझ्यावर घातला, यातलं काही नाही. आता गावात असं झालं आहे की म्हातारीनेच सगळ्यांना फसवलं आणि बिचारी हिल्डा उगाच गैरसमजात राहिली. मी बिचारी! तुझा हा उपकार मला घशाखाली उतरत नाही. काल मिस्सेनंतर मी त्याच पायरीवर उभी राहून त्या बायकांना सांगितलं, मी लावला होता, माझ्या हाताने, आणि मला ठाऊक असताना कॅथरिनला चोर म्हटलं. एक एक करून खाली उतरल्या. आता लग्नघरी दागिन्यांच्या खोलीत मला कुणी बसवणार नाही. फिटंफाट झाली, उपकार ठेवू नकोस.

सोनकिडा तू माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस, निरोप नाही, काही नाही. मीना जसाच्या तसा आहे. आईचं काय राहिलं ते तुम्ही पाहिलंत, आणि याचा एक टवका उडालेला नाही. मी शेपटी दाबली. दोनदा दाबली, मग पंख उघडले. एवढीशी पांढरी तबकडी, काटे अडीचला काही मिनिटं कमी दाखवत होते. शुक्रवारची दुपार असणार. म्हणजे मातीखाली जवळजवळ दिवसभर ते चालू होतं.

मी ते घेऊन मुंबईला गेले, जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. त्याने भिंग लावून बराच वेळ बघितलं, मला कुठून आणलं विचारलं आणि म्हणाला, आतलं पोलाद गंजून एक झालंय, हे पुन्हा चालणार नाही. मी म्हटलं, एकदाच चालवा. एक मिनिट. मला फक्त आवाज ऐकायचा आहे. तो म्हणाला, बाई, आवाजच उरलेला नाही.

तिथून येताना मला हे कळलं. आवाज ताडून बघता येणार नाही. पेटीत ती कशी निजली होती ते मी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलंत, आणि व्हिन्सेंट माझ्याशी बोलत नाही. त्या सकाळी चावी दिली हे पाहणारं दुसरं कुणी नाही. म्हणजे माझी आई मेलेली होती, याला या जगात पुरावा एकच. तुझा शब्द. ज्या बाईला मी नऊ वर्षं गावभर खोटारडी म्हणत फिरले, तिच्या शब्दावर मला आता पाठ टेकायची आहे. देवाने शिक्षा चांगली शोधली. तुला हसू येत असेल तर हस.

डिसेंबरात जेसिका नवरी होईल. किडा तिचा आहे, तिच्या झग्यावर तूच लाव, मी मागे उभी राहीन. किंवा येणार नाही, तुम्ही म्हणाल तसं. पण त्याआधी एकदा इथे ये. किल्ली घेऊन ये आणि त्या सकाळी कशी फिरवलीस, किती वेळा फिरवलीस, ते माझ्यासमोर करून दाखव. ती सरळ निजली होती का तेही सांग. चिठ्ठी पाठवू नकोस. चिठ्ठीत कुणीही काहीही लिहितं, मी लिहिलं तसंच. तोंडाने सांग, म्हणजे मला तुझे डोळे बघता येतील.

ओट्यावर पाय ठेवू नकोस म्हणाले होते, ते मागे घेते. सकाळी ये. मी दार उघडं ठेवीन.

हिल्डा